शनिवारनंतरचा स्वल्पविराम

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आमच्या केंद्राच्या केंद्रप्रमुख माननीय प्राजक्ता मॅडम. व्यासपीठावर विराजमान असलेले सरपंच सुनिलभाऊ. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा आणि याच शाळेच्या एकेकाळच्या विद्यार्थिनी दक्षाताई. ज्यांच्यासाठी आपण सगळे या उकाड्यात दाटीवाटीनं बसलो आहोत त्या सत्कारमूर्ती जमनाबाई. पहिल्या रांगेत खुर्ची नाकारून भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या मातोश्री भिकीआई. पाड्यावरचे वडीलधारे, वीटभट्ट्यांवरून नुकतेच परतलेले पालक, आणि मे महिन्याची सुट्टी असूनही कुणी न बोलावता हजर झालेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी नितीन पागधरे. या शाळेतला दुसरा शिक्षक. पहिल्या शिक्षिका आज निवृत्त होत आहेत, म्हणजे उद्यापासून मी पहिला. बढती मिळायची ही रीत मला काही आवडलेली नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. पाच वर्ग, दोन खोल्या, मध्ये एक दार, आणि ते दार कधी लागत नाही. माझा गुणाकार बाईंच्या कवितेत जातो, बाईंची कविता माझ्या गुणाकारात येते. माझी पत्नी हर्षदा आज पहिल्यांदाच इथे आली आहे, ती मागे बसली आहे. तिच्यादेखत सांगतो, तिच्यापेक्षा जास्त मी बाईंचं ऐकलं आहे. ती हसते आहे, पण हे तिला आधीपासून माहीत आहे.

मॅडम, मघाशी दीपप्रज्वलनाच्या वेळी तुम्ही हळूच माझ्या कानात म्हणालात, "गुरुजी, फळ्यावरची तारीख अर्धीच राहिली आहे." राहिलेली नाही मॅडम, ठेवली आहे. आमच्या रूपीनं सकाळी आल्याआल्या खडू घेतला, 'शनिवार' लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि खाली उतरली. पुढचं अजून लिहायचं नाही. का, ते सांगतो. पण ते सांगायला मला थोडं फिरून यावं लागेल. मी धाकटी डहाणूचा, खाडीकाठचा माणूस. आमच्याकडे बोट सरळ कधी बंदरात येत नाही, पाणी बघून येते.

आणि खरं सांगायचं तर मी मुद्दाम वेळ काढतो आहे. या सभेतल्या एका माणसानं माझ्याकडे एक गोष्ट सोपवली आहे. ती जमनाबाईंना सांगायची आहे, आणि ती आज, इथे, सगळ्यांसमोरच सांगायची अशी अट आहे. काल मी बाईंना फोन करून विचारलं, "अशी अशी गोष्ट आहे, तुमच्या आईंनी दिली आहे, सभेत सांगू ना?" बाई म्हणाल्या, "आई सांगा म्हणते तर सांगा गुरुजी. तुम्ही कशाला घाबरता?" मी घाबरलेलोच आहे. आमचा बाप वादळात बोट घालायचा, आणि मी इथे माईकला धरून उभा आहे.

तर, तारीख.

मी या शाळेत रुजू झालो तो दिवस मला आठवतो. मसोलीच्या दुकानातून खडूचे डबे घेऊन, मोटारसायकल चढणीला ढकलत घामाघूम होऊन आलो. फळ्याजवळ जमनाबाई उभ्या. वर्गात आवाज नाही. फळ्यावर लिहिलेलं 'सोमवार', पुढे स्वल्पविराम, आणि सगळी मुलं श्वास घेऊन बसलेली. मला वाटलं कुणी तरी वारलं, दोन मिनिटं शांतता चालू आहे. मी पण हात जोडून उभा राहिलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगा उठला, काकड्या त्याचं नाव, आणि म्हणाला, "आज आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक तांबडं, एक काळं." बाई म्हणाल्या, "छान. आता लिहा पुढे." आणि मग मुलांनी तारीख लिहिली, महिना लिहिला, पुन्हा स्वल्पविराम, साल लिहिलं. मी हात जोडलेलेच.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, "बाई, हे काय चाललं होतं?" म्हणाल्या, "तारीख लिहीत होतो." मी म्हटलं, "तारीख लिहायला एवढा वेळ? तिरप्या रेघा मारायच्या, आकडा, रेघ, आकडा, रेघ, आकडा, झालं काम." बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी अजून विसरलो नाही. तेव्हापासून आमचं भांडण सुरू आहे. मी रेघवाला, त्या स्वल्पविरामवाल्या. गेली कितीतरी वर्षं या शाळेत एका खोलीत तिरप्या रेघा आणि दुसऱ्या खोलीत स्वल्पविराम असा कारभार चालला, आणि बाईंकडून माझ्याकडे तिसरीत आलेलं प्रत्येक मूल मला शिकवायचं, "गुरुजी, इथं थांबायचं असतं."

स्वल्पविराम मुलांना समजावणं सोपं नाही. शिक्षक बंधुभगिनींना माहीत आहे. पूर्णविराम कळतो, वाक्य संपलं. पण हे अर्धवट थांबणं काय प्रकरण आहे? आमच्या पोरांनी आधी तो शेतातल्या इळ्याएवढा काढला. एकानं तर मूठसुद्धा काढली त्याला. मग एक दिवस बाई मुलांना घेऊन मागच्या चढणीवर गेल्या. रानातून बाया मोळ्या घेऊन येत होत्या. बाई म्हणाल्या, "बघा, ती बाई अर्ध्या चढणीवर थांबली. तिनं मोळी खाली टाकली का?" मुलं म्हणाली, "नाय." "मग काय केलं?" "दम घेतला." "टाकली असती तर पूर्णविराम. डोक्यावर ठेवून नुसता दम घेतला तो स्वल्पविराम. कळलं?" कळलं. सगळ्या वर्गाला कळलं. मी मागच्या दारातून ऐकत होतो, मलाही कळलं, पण कबूल कोण करतो?

आणि थांबल्यावर बातमी सांगायची. वार लिहिला, थांबलो, आता आज पाड्यावर काय झालं ते एकानं सांगायचं, मगच पुढची तारीख. बाईंचं म्हणणं असं की नुसता आकडा पोराच्या डोक्यात राहत नाही, त्याला काहीतरी चिकटलं पाहिजे. कुणाची नागली लावून झाली, कुणाचा बाप भट्टीवर गेला, कुणाच्या आईनं आज मारलं नाही. ही शेवटची बातमी एका मुलीनं फार आनंदानं दिली होती. नाव घेत नाही, ती आता इथे व्यासपीठावर समितीची अध्यक्षा म्हणून बसली आहे. दक्षाताई, रागावू नका.

एकदा एक साहेब तपासणीला आले. कुठले ते सांगत नाही. घड्याळ बघून म्हणाले, "बाई, तारखेत इतका वेळ घालवता, मग अभ्यास कधी?" बाईंनी नुसता खडू खाली ठेवला. पण मुलांना कुठे गप्प बसायचं कळतं? फळ्यावर स्वल्पविराम होता, बातमी कुणी दिली नव्हती. रूपी तेव्हा पहिलीत होती. तिनं साहेबांना विचारलं, "तुमच्या घरी आज काय झालं?" साहेब आधी हसले. मग थांबले. मग म्हणाले, "आज माझ्या मुलीचा पहिला पेपर आहे. निघताना तिला काही बोललोच नाही." आणि उठून बाहेर गेले. आमच्याकडे फोनला रेंज फक्त चिंचेखाली लागते, हे त्यांना काकड्यानं दाखवलं. चिंचेखाली उभे राहून ते बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर त्यांनी शेरा चांगला दिला, आणि पाणी मागून प्यायले.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस मूळ गोष्टीवर येत का नाही. येतो.

बाईंना तारखेचं एवढं का, याला कारण आहे. पाड्यावरच्या जुन्या माणसांना हे नवं नाही, हर्षदासारख्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या या डोंगरपट्टीत पूर्वी मूल घरीच व्हायचं. कागद नाही, नोंद नाही. मूल शाळेत आणलं की गुरुजी त्याला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की वय सहा. आणि जन्मतारीख? शाळा जूनला सुरू होते, तर लिहा एक जून. आईची एक जून, बापाची एक जून, सरपंचांची एक जून. सुनिलभाऊ, बरोबर ना? उद्या आपल्या अर्ध्या पाड्याचा वाढदिवस आहे. केक आणला तर कापायला रांग लागेल आणि खायला कुणी उरणार नाही.

सरकारी नियम असा की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्याच दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी एकतीस मेला आपल्याकडे हार-शालींचा भाव चढतो. प्राजक्ता मॅडमचा आजचा हा दुसरा कार्यक्रम आहे आणि संध्याकाळी तिसरा आहे.

आपण हसतो. पण बाईंना हे कधी हसण्यासारखं वाटलं नाही. त्या सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरायच्या. आयांना विचारायच्या, "हा कधी झाला? आठवून सांग." आया सांगायच्या, "भात झोडत होतो तवा." "चिकूच्या वाडीत कामाला होतो, तिथंच." बाई त्यावरून महिना काढायच्या, कधी सणावरून दिवसही काढायच्या, आणि ते मूल फळ्यावर स्वतःची तारीख लिहायचं, स्वल्पविराम देऊन, थांबून, "त्या दिवशी आमच्याकडे नवा भात खाल्ला" असं सांगून. सरकारी कागदावर एक जून तशीच राहिली. वर्गात मात्र वाढदिवस खऱ्या दिवशी व्हायचा. आता मुलं दवाखान्यात होतात, दाखला मिळतो, तारीख पक्की असते. तरी बाई आईला विचारतातच, "ते राहू दे, त्या दिवशी झालं काय ते सांग."

आणि मुलं ती मुलंच. दर वर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, तुमची तारीख कुठली?" बाई हसून म्हणायच्या, "माझी एक जून. गुरुजींनी दिली." आणि फळा पुसायला लागायच्या. फळ्यावर काही नसलं तरी पुसायच्या.

एकदा मी विचारलं, "बाई, सगळ्यांच्या आयांना विचारता, स्वतःच्या आईला कधी विचारलं नाही?" म्हणाल्या, "विचारलं गुरुजी. लहानपणी विचारलं, मोठी झाल्यावर विचारलं. आई म्हणते, ठावं नाय. माझ्या वेळेला कुणाचं लक्षच नसेल." एवढं बोलून चहाचे कप विसळायला गेल्या. मागाहून आणखी एक बोलल्या होत्या. दर वर्षी दिवाळीच्या तोंडाला आई एक दिवस कुणाशी बोलत नाही, जेवत नाही, गुरांजवळ जाऊन बसते. "लहान असताना मला वाटायचं, माझंच काही चुकलं." बाई, हे तुम्ही मला विश्वासानं सांगितलं होतं. आज सगळ्यांसमोर बोललो. पुढचं ऐकलंत की मला माफ कराल.

गेल्या आठवड्यात आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन मी तलासरीला बाईंच्या घरी गेलो. बरोबर सुके बोंबील नेले होते. भिकीआईंना ते आवडतात आणि मला त्यांच्या हातची नागलीची भाकरी आवडते. हा आमचा जुना व्यवहार आहे. बाई बाजाराला गेल्या होत्या. आई ओट्यावर बोंबील निवडायला बसल्या. मी सहज गप्पा मारत होतो. म्हटलं, "आई, या एक जूनमुळे तुमची लेक लवकर घरी बसते आहे. खरी तारीख पुढची निघाली असती तर अजून काही महिने मुलांत राहिली असती."

आईंनी वर बघितलं नाही. बोंबलाचं डोकं मोडता मोडता म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत राहिली असती?"

मी म्हटलं, "हो, म्हणजे..." आणि मग माझ्या ध्यानात आलं. मी विचारलं, "आई, दिवाळी का म्हणालात?"

त्यांचे हात थांबले.

मंडळी, आईंची वारली बोली माझ्या तोंडात बसत नाही. त्या जे बोलल्या ते मी माझ्या बोलीत, जमेल तसं सांगतो. कुठे कमीजास्त झालं तर आई, तिथून हात वर करा.

त्या म्हणाल्या, "मास्तर, मला दिवस ठावं आहे. वाघबारस होती."

वाघबारस म्हणजे, हर्षदा, दिवाळीच्या आधी येणारा गुराख्यांचा सण. गुरं राखणारी पोरं घराघरांतून तांदूळ मागून आणतात, वाघदेवाच्या दगडाशी चूल मांडून भात शिजवतात आणि सगळी मिळून खातात. भिकीआई तेव्हा सासरी होत्या, पलीकडच्या डोंगरातल्या गावात. त्यांचे मालक खाली डहाणूकडे वाडीत कामाला गेलेले. घरात एक मुलगा. गुरं राखायचा. पांड्या त्याचं नाव.

बाई, तुम्हाला भाऊ होता.

त्याला बरेच दिवस ताप होता. आई म्हणाल्या, "सकाळी, सूर्य डोंगरावर यायच्या वेळेला पोरगी झाली. सुईणीनं तिला पुसून माझ्याजवळ ठेवली. पांड्या पलीकडं घोंगडीत होता. म्हणाला, मला दाखवा. सुईणीनं नेऊन दाखवली. त्यानं तिचं बोट धरलं. सोडीच ना. त्याची एक गाय होती, लाडाची, जमना नावाची. म्हणाला, हिचं नाव पण जमना ठेवा, म्हणजे हाक मारली की दोघी येतील."

बाई, तुम्ही कैकदा म्हणायचात, आमच्या घरात या नावाचं कुणी नाही, हे नाव मला कुणी ठेवलं कोण जाणे. तुमच्या भावानं ठेवलं. तुमच्या येण्याची वाट बघणारं एक माणूस त्या घरात जागं होतं.

मग त्यानं आईला विचारलं, "हिला वाघदेवाला घेऊन जाऊ?" आई म्हणाल्या, "पुढल्या वर्षी ने." सांजेला पोरं भात खाऊन परत आली, त्याचा वाटा पानावर घेऊन आली. तेव्हा पांड्या गेलेला होता.

मी पाणी पितो जरा. माफ करा.

एवढ्यावर संपलं असतं तरी आईनं सोसलं असतं. बायका सोसतात. पण पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. पोरगी भावाला खाऊन आली. अवदसा आहे. हिची सावली नको. कुणी वाईट माणसं नव्हती ती, आई स्वतःच म्हणाल्या. ज्याचं त्याचं दुःख असतं, कुठेतरी ठेवायचं म्हणून माणसं ते लहान जिवाच्या अंगावर ठेवतात. आईनं काय केलं? पोरीला पाठीशी बांधलं आणि डोंगर उतरून माहेरी निघून आल्या. माहेरच्या बाया विचारायच्या, "कधी झाली गं?" आई म्हणाल्या, ठावं नाय. पुन्हा कुणी विचारलं, ठावं नाय. दिवस कळला तर कुणीतरी त्या दिवसाशी पांड्याला जोडेल, आणि बोलणं पुन्हा पोरीच्या मागे लागेल. म्हणून त्या विसरल्या नाहीत, मंडळी. त्यांनी विसरायचं सोंग घेतलं, आणि ते सोंग पोरीसमोरही कधी उतरवलं नाही. लोक म्हणायचे, भिकी भोळी आहे, हिला स्वतःच्या पोरीचा दिवस ठावं नाही. त्यांनी ते म्हणू दिलं.

पुढे शाळेत घालायची वेळ आली. गुरुजींनी कान धरायला लावला, कान लागला. गुरुजी म्हणाले, "एक जून लिहू?" आईंनी विचारलं, "एक जूनला काय असतं?" गुरुजी म्हणाले, "काही नसतं."

आई म्हणाल्या, "मग तीच लिवा."

बाई, ज्या एक जूनला तुम्ही आयुष्यभर नावं ठेवलीत, ती तुमच्या आईनं तुमच्यासाठी निवडली होती. ज्या दिवशी कुणी गेलं नाही असा दिवस.

मी आईंना म्हटलं, "हे तुम्हीच सांगा बाईंना. आता बाजारातून येतीलच." त्या म्हणाल्या, "घरात सांगायला बसते, तर तोंड उघडत नाय. चूल पेटवायची असते, पाणी भरायचं असतं, दर दिवाळीला राहून जातं. आणि मास्तर, तेव्हा लोक मागनं बोलले. आता तुम्ही पुढ्यात बोला, सगळ्यांच्या. म्हंजे कुणाला मागनं बोलायला उरायचं नाय." म्हणून आज मी उभा आहे. मी विचारलं, "साल कुठलं होतं?" म्हणाल्या, "साल काय ते मला नाय ठावं. साल तुमचं तुम्ही बघा."

निघताना मी चप्पल घालत होतो. तेव्हा आई मागून म्हणाल्या, "जमनाला एवढं नीट सांगा. मी विसरले नव्हते."

बाई, आई विसरल्या नव्हत्या. एक दिवससुद्धा.

झालं. मला सोपवलेलं मी सांगितलं.

रूपी, बाईंच्या हातातला तो हार घे. नारळही घे. सुनिलभाऊ, जरा पाय आवरा, बाईंना खाली उतरू द्या. असू दे, असू दे, आईंना उठवू नका, बाई बसतील त्यांच्याजवळ. पंखा त्या बाजूला फिरवा कुणीतरी.

भिकीआई, मी तुमच्या लेकीएवढा हुशार नाही, पण तिच्याकडून एक गोष्ट शिकलो आहे ती तुम्हाला सांगतो. तुम्ही ही मोळी डोक्यावर घेऊन एवढी चढण चढलात आणि कधी थांबला नाहीत. कुणी दिसलं तर विचारेल म्हणून दमसुद्धा घेतला नाहीत. आता थांबा. पांड्याला खाली ठेवा असं म्हणायला मी कोण? तो तुमच्याकडेच राहील. पण इथे आम्ही सगळे आहोत, जरा दम घ्या.

आपण सगळेच जरा थांबू या.

मॅडम, आजची बातमी ही. म्हणून ती तारीख अर्धी ठेवली होती. पुढचा आकडा, महिना, दुसरा स्वल्पविराम आणि साल बाई लिहितील, त्यांना वाटेल तेव्हा. नाहीच लिहिलं आज तरी फळा कुठे जात नाही. शाळेची किल्ली माझ्याकडे आहे आणि फळा मी पुसणार नाही.

आता कर्तव्य म्हणून आभार. अध्यक्ष प्राजक्ता मॅडम, संध्याकाळी तिसरा कार्यक्रम असूनही तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत, त्याबद्दल आभार. सरपंचांनी मंडप आणि पाण्याचे जार दिले, दक्षाताईंनी आणि बचत गटाच्या बायांनी जेवण केलं आहे, त्यांचे आभार. हर्षदा आली, तिचे आभार घरी मानतो. मुलांनो, तुम्ही गप्प बसलात, तुमचे तर विशेष आभार, हे माझ्या वर्गात कधी झालं नव्हतं.

एक आमंत्रणही आहे. यंदाच्या वाघबारसेला शाळेला दिवाळीची सुट्टी असेल, तरी सगळ्यांनी वाघदेवाच्या दगडाशी यायचं आहे. तांदूळ मुलं मागून आणतील, चुलीसाठी लाकडं, फाटी, काकड्या आणेल. तो आता मोठा झाला आहे, तरी यायलाच लागेल. बाईंचा वाढदिवस आहे. मी मासे आणणार नाही, आम्हाला त्या दिवशीचं पथ्य कळतं. भात शिजला की पहिलं पान पांड्याचं काढायचं, आणि ते बाईंनी काढायचं. भावानं तिला पुढल्या वर्षी न्यायचं ठरवलं होतं, तर आता ती स्वतः चालत येईल.

मी कोळीवाड्यातला माणूस, आवाज मोठा, जीभ खारट. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, आईंच्या शब्दात माझा शब्द घुसला असेल, तर लेकराचं समजून पोटात घाला. जेवायची घाई करू नका. बाई आणि आई उठल्या की आपण उठू.

नमस्कार.